सुरूचा खांब व कागदावरची नक्षी

विश्रामबाग वाड्याचा दर्शनी भाग पाहून घटकाभर न थबकणारा पुणेकर विरळाच. तेथील लाकडी सुरूचे खांब आपण अस्सल पेशवाई थाटाचे समजतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांचे कूळ शोधू गेल्यास वाट दिल्ली-आग्र्यावरून युरोपातील छापील कागदांपर्यंत जाते.

तांब्याच्या पत्र्यावर नक्षीचे नमुने कोरून त्यांचे छाप कारागिरांस विकण्याची युरोपात जुनी चाल होती. बरोक व रोकोको शैलींच्या काळी ती भरास आली. पॅरिसच्या मेसोनियेची शंखशिंपल्यांसारखी, मुद्दाम असमतोल ठेवलेली वळणे अशा छापांतूनच दूरवर पोचली. लंडनच्या टॉमस चिपेंडेल या सुताराने १७५४ साली खुर्च्या, कपाटे, पलंग यांच्या नमुन्यांचे पुस्तकच काढले. १७६२ च्या आवृत्तीत २०० चित्रपत्रे होती. कित्येक चित्रांत एकाच खुर्चीचा डावा पाय एका तऱ्हेचा, तर उजवा दुसऱ्या! गिऱ्हाइकाने हवा तो निवडावा.

असे कागद हिंदुस्थानात त्याहूनही आधी आले. १५८० साली गोव्याहून अकबराच्या दरबारी गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी कोरीव चित्रांचे बहुभाषी बायबल बरोबर नेले होते. एब्बा कोख या विदुषीने १९८२ साली असे प्रतिपादन केले की, शाहजहानच्या सिंहासनस्थानी दिसणारे, खाली फुगीर व वर निमुळते खांब युरोपीय छापील चित्रांवरून घेतलेले आहेत. मोगलांकडून तो घाट मराठी वाड्यांत आला. आमच्या सुतारांनी तो सागवानात उतरविला व त्यास केळफुलाची जोड दिली.

मग तो खांब परका म्हणावा काय? सून परघरची म्हणून ती या घरची नव्हे, असे कोण म्हणेल?

आज पेठांतील वाडे एकामागून एक उतरत आहेत. सदनिकेत खांब मावत नाही, हे खरे. लाकडाचे पैसे भावाभावांत वाटता येतात. नक्षीची वाटणी होत नाही. म्हणून वाडा उतरविण्यापूर्वी खांब, तुळया, चौकटी यांची मापे घ्यावी, उथळ नक्षीवर कागद धरून शिसपेन्सिलीने ठसा उतरवावा, छायाचित्रे काढावी आणि एकेक प्रत प्रत्येक बिऱ्हाडी ठेवावी. चिपेंडेलचा नमुना कागदावर असल्यामुळे आजचा सुतारही ती खुर्ची घडवू शकतो. आमच्या सुतारांनी पुस्तक काढले नाही. ते काम त्या वाड्यांत वाढलेल्यांनी करावयाचे आहे.