ए प्लसची स्पॅनिश

मंडळी, या वीकांताला कोड, क्लाउड वगैरे काही नाही. डोकं तापलंय, आणि ते तापवलंय हायस्कूलच्या स्पॅनिशने.

गेल्या शनिवारी पोरीचा पाय मुरगळला म्हणून अर्जंट केअरमध्ये बसलो होतो. सॅन होजेतला शनिवार, म्हणजे दीड तासाची निश्चिंती. शेजारी एक मेक्सिकन आजीबाई हातात फॉर्म घेऊन बसल्या होत्या. त्यांनी कन्येकडे बघून काहीतरी विचारलं. कन्या अकरावीत आहे, स्पॅनिशचं तिसरं वर्ष, तिन्ही वर्षं 'ए', त्यातलं एक 'ए प्लस'. मी मनात म्हटलं, चला, आज वसूल.

कसलं वसूल! पोरगी लालबुंद झाली. नंतर म्हणाली, "बाबा, त्या 'दुएले' म्हणाल्या ते मला कळलं. 'दोलेर' हे क्रियापद, त्यात ओचा युए होतो आणि ते 'गुस्तार'सारखं चालतं. हे सगळं आठवलं. पण बोलायचं काय ते नाही आठवलं." तेवढ्यात समोरून बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उठून आला. आजींशी दोन मिनिटं बोलला, फॉर्म भरून दिला, खिडकीवरच्या बाईंना इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं आणि परत आपल्या फोनवर जाऊन बसला.

मला राग आला तो पोरीचा नाही. उलट तिने जे सांगितलं ते ऐकून मला माझी दहावी आठवली. आमच्या वेळी संस्कृत घ्यायचं कारण एकच होतं, स्कोअरिंग. देवः देवौ देवाः झोपेतही म्हणून दाखवायचो. मार्क भरघोस पडले, आणि आज एक वाक्य धड बोलता येत नाही. कॅलिफोर्नियाच्या हायस्कूलमधली स्पॅनिश म्हणजे इथलं दहावीचं संस्कृत आहे. फरक इतकाच, की माझ्या वेळी शेजारच्या घरात कुणी संस्कृत बोलत नव्हतं. इथे ही भाषा भाजीवाल्याकडे आहे, गवत कापणाऱ्याकडे आहे, आमच्या ऑफिसात रात्री केर काढणाऱ्या बाईंकडे आहे. अमेरिकेत चार कोटींहून जास्त माणसं घरात स्पॅनिश बोलतात. आणि आमची पोरं ती तक्त्यांतून शिकतात! त्या तक्त्यांत स्पेनमध्ये चालणारं 'वोसोत्रोस'सुद्धा असतं, जे इथे रस्त्यावर ऐकायला मिळत नाही.

आता जरा हिशेब करू (सवय जात नाही). कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी इंग्रजीखेरीज एका भाषेची दोन वर्षं लागतात. तीन केली तर उत्तम, असं तेच सांगतात. शाळेचं वर्ष १८० दिवसांचं. तास ५० मिनिटांचा धरा. म्हणजे वर्षाला १५० तास, दोन वर्षांत ३००. चाचण्या, सुट्ट्यांआधीचे सिनेमे, बदली शिक्षक हे सगळं वजा केलेलंच नाही. अमेरिकन परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिश शिकवतं, ते ६०० ते ७५० तास. ती मोठी माणसं असतात, वर्ग छोटे असतात आणि त्यांचं दिवसभराचं काम तेच असतं. पोरीच्या वर्गात ३२ मुलं आहेत. शिक्षिकेने अख्खा तास तोंड उघडलं नाही तरी एकेका मुलाच्या वाट्याला दीड मिनिट येतं. दीड मिनिटात कुठलीही भाषा येत नाही, हो.

म्हणजे हा कार्यक्रम भाषा शिकवण्यासाठी आखलेलाच नाही. तो खूण करायचा चौकोन आहे. समुपदेशक सांगतात, "स्पॅनिश घ्या, सेफ आहे." आणि आपली मराठी मंडळी तर त्याहून वरताण! मंडळाच्या गणपतीत दर वर्षी ऐकतो, "स्पॅनिश सोपी आहे हो, दोन वर्षं 'ए' मिळवायचा आणि सोडून द्यायची, वेळ कोडिंगला द्यायचा." मीही हेच म्हणायचो, खोटं कशाला बोलू.

पण त्या मुलाचं काय? इथेच खरी मेख आहे. घरी स्पॅनिश बोलणारं पोर शाळेत आलं आणि इंग्रजीच्या चाचणीत कमी पडलं, की त्याच्या नावापुढे 'इंग्लिश लर्नर' असा शिक्का बसतो. ते लवकरात लवकर पुसायचं न्यून समजलं जातं. माझ्या पोरीला मोडकीतोडकी तीच भाषा आली, तर ती मात्र कॉलेजच्या अर्जातली जमेची बाजू! १९९८ मध्ये या राज्याने प्रस्ताव २२७ मंजूर केला आणि शाळांतलं द्विभाषिक शिक्षण जवळपास गुंडाळून ठेवलं. त्या मोहिमेचा पुढारी आपल्याच धंद्यातला, सिलिकॉन व्हॅलीतला सॉफ्टवेअर उद्योजक होता, रॉन उंझ. २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ आणून ते बंधन उठवलं. मधली अठरा वर्षं गेली. ज्यांच्या तोंडी ही भाषा होती त्यांच्या तोंडून ती शाळेत काढायची, आणि ज्यांच्या नव्हती त्यांना तक्ते पाठ करायला लावायचे, असा तो उलटा कारभार. तेच मूल पुढे हायस्कूलला स्पॅनिशच्या वर्गात बसतं, घरातलं 'हाइगा' लिहितं आणि 'हाया' न लिहिल्याबद्दल मार्क गमावतं.

आणि आमचं घर? तिथे माझं दुसरं भांडण आहे. वर्गात सगळं इंग्रजीच्या खुंटीला टांगून शिकवतात. 'मे गुस्ता एल मांगो' समजावायला शिक्षिकेने पंधरा मिनिटं घेतली, कारण इंग्रजीत ते उलटं वाटतं. अहो, मराठीत ते सरळ 'मला आंबा आवडतो' आहे! 'मे दुएले ला काबेसा' म्हणजे दुखतं ते डोकं, कर्ता डोकंच, जसं आपलं 'माझं डोकं दुखतं'. 'बेओ ला कासा', पण 'बेओ आ मारिया'. माणूस आला की मध्ये 'आ' लागतो, हा म्हणे अवघड नियम. आपण 'घर बघतो' म्हणतो आणि 'मारियाला बघतो' म्हणतो. 'ईबा' आणि 'फुई' यांत पोरं वर्षभर अडखळतात; 'जायचो' आणि 'गेलो' एवढं सांगितलं की बरंचसं काम होतं. 'तू' आणि 'उस्तेद' वेगळं शिकवायला नको. त आणि द तर आपल्याकडे तयारच आहेत. हे सगळं माझ्या पोरीच्या डोक्यात आधीपासून आहे, आणि तिला ते कुणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. वर्गात व्हिएतनामी, पंजाबी, तागालोग बोलणारी पोरं आहेत, त्यांच्याही डोक्यात असंच काही ना काही असणार. कोण विचारतंय?

"आता फोन भाषांतर करतो, कशाला एवढं?" असं एक मित्र म्हणाला. करतो की. त्या आजीबाईंच्या फॉर्मचंही केलं असतं. पण आजीबाईंनी फोनला विचारलं नव्हतं, शेजारच्या मुलीला विचारलं होतं.

माझं म्हणणं तिरपागडं वाटेल, पण सांगतो. दोन वर्षांची ही अट सरळ रद्द करा, नाहीतर पहिलीपासून अर्धे विषय स्पॅनिशमधून शिकवणाऱ्या शाळा वाढवा. अशा शाळा इथे आहेत, पण त्यांच्यासाठी चिठ्ठ्या काढाव्या लागतात. हायस्कूलमध्ये तरी घरी स्पॅनिश बोलणारी मुलं आणि आमची मुलं आठवड्यातून दोनदा जोडीने बसवा, अर्धा वेळ या भाषेत, अर्धा त्या. याला पैसे लागत नाहीत, वेळापत्रक लागतं. आणि परीक्षेत तक्त्यांना निम्म्याहून कमी मार्क ठेवा. याने सरासरी ग्रेड घसरेल आणि पालक बोंब मारतील, त्यात आपले सगळ्यांत पुढे असतील, हे मला माहीत आहे.

हे सगळं इंग्रजीत लिहून शाळेला पाठवलं. "आपल्या सूचनेबद्दल आभार" असं उत्तर आलं. शाळा मंडळाच्या बैठकीत पालकांना तीन मिनिटं बोलता येतं, तिथे नाव दिलंय. कन्या म्हणते, बाबा, माझं नाव घेऊ नका आणि अर्जंट केअरचं तर मुळीच सांगू नका. तिचं म्हणणं बरोबर आहे, पण ते वगळलं तर माझ्याकडे उरतात नुसते आकडे. बघू. मधल्या वेळात रात्रीच्या डिप्लॉयमेंटला थांबलो होतो, तेव्हा केर काढायला आलेल्या बाईंना सात वर्षांत पहिल्यांदा 'बुएनास नोचेस' म्हटलं. त्या थांबल्या आणि इतकं भरभर काही बोलल्या की मला एक शब्द कळला नाही. हात जोडले आणि हळू बोला, अशी खूण केली.