वैनगंगेचे अंकीय जुळे

ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा शहराला वेढा घातला, तेव्हा अतिवृष्टीचा मुख्य जोर नदीच्या वरच्या अंगाला, मध्य प्रदेशात होता. शिवनी जिल्ह्यातील संजय सरोवरातून विसर्ग झाला आणि तो लोंढा खाली आला. वाटेत बावनथडी, सूर या नद्या येऊन मिळतात, पुढे कन्हान; आणि पवनी तालुक्यात ३३ दरवाजांचे गोसेखुर्द धरण, ज्याचा फुगवटा मागे पसरतो. कोणते दरवाजे, किती आणि केव्हा उघडावेत, हे ठरवायला हाती मोजकेच तास असतात.

हा निर्णय आधी करून पाहण्याची सोय आज विज्ञानाने दिली आहे. तिला ‘डिजिटल ट्विन’, म्हणजे अंकीय जुळे म्हणतात. १९७० साली अपोलो-१३ संकटात सापडले, तेव्हा यानाला परत आणण्याचे उपाय जमिनीवरील प्रतिरूप यंत्रांवर आधी तपासले गेले. मूळ कल्पना तीच. आपल्याकडेही ही दृष्टी नवी नाही. १९१६ साली स्थापन झालेल्या आणि पुढे खडकवासल्यास स्थिरावलेल्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्थेत धरणांच्या लहान प्रतिकृतींवरून पाणी सोडून अभ्यास होत आला आहे. परंतु प्रतिकृतीला आज पहाटे बालाघाटात किती पाऊस पडला ते कळत नाही. जुळ्याला कळते. पर्जन्यमापके, कारध्यासारख्या ठिकाणची पाणीपातळी आणि दरवाजांची स्थिती या नोंदी त्यात अखंड येत राहतात. गणिताने वर्तवलेली पातळी आणि नदीत मोजलेली पातळी यांतला फरक पाहून गणित स्वतःला दुरुस्त करीत जाते.

येथेच खरी मेख आहे. पुराचे गणित नदीपात्राचा छेद आणि तळाचे घर्षण यांवर उभे असते. वैनगंगेच्या रेतीघाटांवरून रात्रंदिवस रेती उपसली जात असेल, तर चार वर्षांपूर्वी मोजलेला छेद आज खोटा ठरतो. (रेतीमाफियाची झळ संगणकालाही बसते, ती अशी.) म्हणून दर पावसाळ्यानंतर पात्राची फेरमोजणी हवी. महागड्या प्रणालीच्या निविदांपेक्षा हे काम निकडीचे आहे, असे आमचे मत आहे.

दुसरी अडचण प्रशासकीय आहे. नदी राज्याची सीमा जाणत नाही. माहितीला मात्र फायलींचे नाके लागतात. संजय सरोवराच्या विसर्गाची नोंद दूरध्वनीवरून नव्हे, तर थेट भंडाऱ्याच्या गणितात उतरली पाहिजे. पुढील पावसाळ्यापूर्वी दोन्ही राज्यांच्या जलसंपदा विभागांनी एवढा करार तरी करावा.