४०२ मीटरनंतर काय?

रात्री अकरानंतर जालना रोडच्या सिग्नलला दोन बाइक शेजारी थांबल्या, की पुढचं तुम्हाला सांगायला नको. ग्रीन लागला की सुसाट! ‘बाइक सोडा’ असं आम्ही म्हणणार नाही. वाळूजमध्ये १९८५पासून दुचाकी बनवणारं शहर आहे हे. पण ड्रॅग रेसचं गणित एकदा बघाच. अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. हायाबुसासारखी बाइक ते दहाएक सेकंदांत कापते, तेव्हा काटा ताशी २२०च्या पुढे असतो. सेकंदाला साठ मीटर! तिथून कडक ब्रेक मारूनही थांबायला आणखी दोनशे मीटर तरी लागतात, तेही रस्ता कोरडा असेल तर. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीत ‘व्हॅली रन’ भरली ती विमानाच्या धावपट्टीवर, ती यासाठीच. फिनिशनंतर तिथे मोकळं डांबर असतं. जालना रोडवर काय असतं? पुढचा सिग्नल, वळणारी रिक्षा, शिफ्ट संपवून घरी निघालेला कुणाचा तरी बाप.

कलम १८९खालचा पाच हजारांचा दंड घरचे भरतीलही. पण पोलिसांनीही नुसत्या पावत्या किती दिवस फाडायच्या? एखादा रविवार, बंद केलेला सरळ रस्ता, टायमर, अँब्युलन्स... कॉलेजच्या बाइक ग्रुपनं असा अर्ज आयुक्तालयात नेला, तर सही करायला आम्ही येतो.