कोरफडीची तहान

दृष्ट लागू नये म्हणून घराच्या चौकटीवर उलटी टांगलेली कोरफड वाचकांपैकी अनेकांनी पाहिली असेल. ना माती, ना पाणी. तरी ती महिनोन् महिने हिरवी राहते. अशी चिवट वनस्पती आमच्या हातून मरावी, याला काय म्हणावे?

झाले ते असे. इंदूरच्या जुन्या वाड्यातील बिऱ्हाड मोडून आम्ही दुसऱ्या मजल्यावरील सदनिकेत राहावयास आलो, त्याच वर्षी मातोश्री निवर्तल्या. त्यांच्या हातची कोरफड तेवढी आम्ही अंगणातून उचलून आणली. तेथलीच काळी माती एका प्लास्टिकच्या कुंडीत भरून रोप दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठेवले आणि रोज स्नानानंतर तांब्याभर पाणी घालण्याचा नेम धरला. आईची आठवण म्हणून एक दिवसही खंड पडू दिला नाही. पुढे पाने पिवळट व मऊ पडू लागली. रोप तहानले असावे असे समजून आम्ही दोन तांबे घालू लागलो. अखेर एके दिवशी बुंधाच हाती आला. खालची मुळे कुजून काळी पडली होती.

शाळेच्या माळ्याला दाखविले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, "मास्साब, ग्वारपाठे को पानी नहीं, धूप चाहिए."

त्याचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. कोरफड मूळची अरबस्तानातील कोरड्या प्रदेशाची. पानांतील गर हा तिचा पाण्याचा साठा. दिवसा उन्हात ती आपली पर्णरंध्रे मिटून घेते व रात्रीच्या गारव्यात उघडून कर्बवायू आत घेते. त्यामुळे पाणी फारसे उडून जात नाही. (यावरूनच ती रात्री प्राणवायू सोडते असा समज पसरला आहे, तो खरा नव्हे. प्राणवायू तयार होण्यास प्रकाश लागतोच.) आमच्या माळव्याची काळी माती गव्हाला उत्तम, पण ती पाणी धरून ठेवते, आणि कुंडीत कोंडलेल्या ओलीत मुळांना हवा मिळत नाही.

नशिबाने बुंध्यालगतचा बोटभर फुटवा शाबूत होता. तो सावलीत तीन-चार दिवस सुकवून, तळाशी भोक असलेल्या मातीच्या कुंडीत लावला. निम्मी माती, निम्मी जाड वाळू आणि थोडे विटांचे तुकडे. आठवडाभर पाणी दिले नाही. कुंडी पूर्वेच्या खिडकीत ठेवली. आता वरची दोन इंच माती कोरडी झाल्याखेरीज आम्ही पाणी घालीत नाही. उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी, थंडीत तीन आठवड्यांनी, पावसाळ्यात त्याहूनही बेताने. घालावयाचे तेव्हा भरपूर घालावे व तबकात साचलेले ओतून टाकावे. अंधाऱ्या जागेतून एकदम कडक उन्हात मात्र रोप नेऊ नये, पाने करपतात.

उपयोगाविषयी दोन शब्द. बाहेरचे, खालचे पान कापावे व काही वेळ उभे धरून पिवळा चीक गळू द्यावा; मग धुऊन गर काढावा. किरकोळ भाजल्यास आधी थंड पाण्याची धार, मग हा गर. तो पिवळा चीक मात्र तीव्र रेचक आहे. बाजारात मिळणारा काळा बोळ तो हाच. गर्भवती स्त्रियांनी व मुलांनी वैद्यांना विचारल्यावाचून कोरफड पोटात घेऊ नये.

तो फुटवा आज हातभर झाला आहे, आणि त्यालाही दोन फुटवे आले आहेत. त्यांतील एक कन्येने बडोद्यास नेला. निघताना तिने विचारले, "बाबा, रोज किती पाणी घालू?" आम्ही तिला माती बोटाने चाचपून पाहावयास शिकविले.

आमचा नेम मात्र सुटलेला नाही. रोज स्नानानंतर आम्ही तांब्या घेऊन खिडकीपाशी जातो, मातीत बोट घालून पाहतो, आणि बहुतेक दिवशी तांब्या भरलेलाच परत आणतो.