नऊ ते चौदा

उंचावर जाणाऱ्या जवानाला अ‍ॅक्लमटायझेशन का करायला लावतात, हे फौजीच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नऊ हजार फुटांवर सहा दिवस, बारा हजारांवर चार, पंधरा हजारांच्या वर आणखी चार. वर पोचून धाप लागल्यावर ते करून उपयोग नसतो. हाच नियम मुलीच्या लसीला लावायची वेळ आली की मात्र आपण गप्प बसतो.

मी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरबद्दल बोलतोय. आपल्या देशात बायकांच्या कॅन्सरमध्ये स्तनाच्या खालोखाल याचाच नंबर. २०२२ च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण, मृत्यू ८० हजारांच्या आसपास. जवळजवळ सगळ्यांचं मूळ एचपीव्ही नावाच्या विषाणूत. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींच्यात टिकतो, आणि कॅन्सर उभा राहायला पंधरा-वीस वर्षं घेतो. म्हणून लस ९ ते १४ या वयात द्यायची, विषाणूशी गाठ पडण्याआधी.

मी सिक्कीमला असताना, २०१८ मध्ये, त्या राज्यानं शाळाशाळांतून ९ ते १३ वर्षांच्या मुलींना ही लस दिली. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता कधी बंद होईल याचा नेम नाही, अशा मुलखात नव्वद टक्क्यांहून जास्त मुलींना ती मिळाली. आधी शिक्षकांशी, पालकांशी बोलून घेतलं होतं, हे महत्त्वाचं. तेव्हा लस परदेशी होती. आता पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. म्हणजे ती आपल्या दारात तयार होते.

मग अडतं कुठे? माझ्या मते लाजेपाशी. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, एवढं ऐकलं की बाप विषय बदलतो. ‘पोरगी लहान आहे, लग्नाच्या वेळी बघू.’ अरे, धनुर्वाताचं इंजेक्शन देताना पोरगी गंजक्या खिळ्यावर पाय देणारच आहे, असं म्हणतो का आपण? ट्रेनिंग सेंटरात रांगेत उभं करून आपल्याला टोचलं, तेव्हा आपण कुठं कारण विचारलं होतं!

दुसरी अडचण बदलीची, आणि ती खरी आहे. नऊ ते चौदा म्हणजे जेमतेम दोन पोस्टिंग. साधारणपणे सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोस देतात. पहिला एका गावात झाला की सामान बांधायची वेळ येते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ मध्ये या वयाला एक डोसही चालेल असं सांगितलंय. तरी लसीचं कार्ड मुलीच्या शाळेच्या दाखल्यासोबत ठेवा, ट्रंकेच्या तळाशी नको. ईसीएचएसमध्ये गुडघे दाखवायला बसलेल्या माजी सैनिकांनी नातींची वयं एकदा बोटांवर मोजावीत आणि आत गेल्यावर डॉक्टरांना विचारावं.

लस सगळ्या प्रकारच्या एचपीव्हीवर चालत नाही, त्यामुळे तिशीनंतर तपासणी हवीच. ज्यांचं लसीचं वय निघून गेलं, त्या आपल्या बायकांसाठी तर तोच मार्ग. टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या हॉस्पिटलनं तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर केलेल्या अभ्यासाचा निकाल २००९ मध्ये आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होते. त्या सगळ्या खेड्यांतल्या बायका होत्या.