आकडे हिरवे, कोड आजारी

शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, लॅपटॉप बॅगेत टाकून निघायच्या बेतात होतो आणि एक मेल आला. पुढच्या तिमाहीपासून प्रत्येकाच्या अप्रेझलमध्ये 'कोड क्वालिटी स्कोअर'ला २० टक्के वजन. सोबत एक एक्सेल शीट. त्यातले कॉलम तेच जुने: सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी, डब्ल्यूएमसी, सीबीओ, एलकॉम. मर्यादेच्या आत असाल तर हिरवे, बाहेर गेलात की लाल. सोमवारी अकरा वाजता मीटिंग, "सूचनांचं स्वागत आहे".

माझी सूचना दोन शब्दांची आहे: करू नका. पण दोन शब्दांच्या सूचनेला मीटिंगमध्ये कोण विचारतो? म्हणून शनिवारचा सकाळचा चहा घेऊन सविस्तर लिहायला बसलोय. आणि आधीच सांगून टाकतो, मी मोजमापाच्या विरोधात नाही. उलट असंच एक एक्सेल मी एकेकाळी स्वतःच्या हाताने बनवलं होतं. त्याची हकीकत पुढे येईलच.

आधी हे आकडे ज्यांनी जन्माला घातले त्यांना न्याय देऊ, कारण चूक त्यांची नाही.

थॉमस मॅकेबने १९७६ साली सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी मांडली. सोप्या भाषेत, फंक्शनमध्ये किती ठिकाणी वाट फुटते ते मोजा आणि त्यात एक मिळवा. त्याने १० ही मर्यादा सुचवली खरी, पण त्याच पेपरमध्ये हा आकडा काही जादूचा नाही असंही सांगितलं, आणि लांबलचक केस स्टेटमेंटला सरळ सूट दिली. का दिली? महिन्याचा क्रमांक घेऊन नाव परत करणारं बारा केसेसचं स्विच डोळ्यासमोर आणा. कॉम्प्लेक्सिटी १३. वाचायला लागणारा वेळ तीन सेकंद. मॅकेबला हे कळत होतं. आमच्या एक्सेलला कळत नाही.

नंतर ऑब्जेक्ट ओरिएंटेड जमाना आला आणि श्याम चिदंबर व ख्रिस केमेरर यांनी १९९४ मध्ये क्लाससाठी सहा मापं दिली. डब्ल्यूएमसी म्हणजे क्लासमधल्या सगळ्या मेथड्सच्या वजनाची बेरीज. डीआयटी म्हणजे इनहेरिटन्सची खोली. एनओसी म्हणजे पोरं किती. सीबीओ म्हणजे किती इतर क्लासेसशी लागेबांधे. आरएफसी म्हणजे एका हाकेसरशी किती मेथड्स जाग्या होऊ शकतात. आणि एलकॉम म्हणजे क्लासमध्ये एकोप्याचा किती अभाव आहे. पेपर अजूनही वाचण्यासारखा आहे. पण त्यात लाल-हिरव्याच्या मर्यादा कुठेही नाहीत! उलट एनओसीबद्दल ते दोन्ही बाजूंनी बोलतात. पोरं जास्त म्हणजे पुनर्वापर जास्त, आणि पोरं जास्त म्हणजे मूळ क्लासचं अमूर्तीकरण चुकलं असण्याची शक्यताही जास्त. मग आकडा मोठा असणं चांगलं की वाईट? ते क्लास उघडून बघितल्याशिवाय कळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. नेमकं तेच उघडून बघणं टाळण्यासाठी आपण डॅशबोर्ड लावतो.

एलकॉमची गंमत तर कागद-पेन घेऊन करून बघा. क्लासमधल्या मेथड्सच्या शक्य तेवढ्या जोड्या पाडा. ज्या जोडीत एकही फील्ड सामायिक नाही अशा जोड्या मोजा, त्यातून किमान एक फील्ड सामायिक असलेल्या जोड्या वजा करा. उत्तर ऋण आलं तर शून्य धरा. आकडा जितका मोठा तितका क्लास विस्कळीत.

आता घ्या एक साधा ग्राहकाचा क्लास. नाव, पत्ता, फोन, ईमेल, जन्मतारीख अशी पाच फील्ड्स, प्रत्येकाला एक गेटर, एक सेटर. दहा मेथड्स, ४५ जोड्या. त्यातल्या फक्त ५ जोड्यांत फील्ड सामायिक, ४० मध्ये नाही. एलकॉम ३५. लाल! आता आयडीईमध्ये राइट क्लिक करून इक्वल्स, हॅशकोड आणि टूस्ट्रिंग जनरेट करा. या तिन्ही मेथड्स पाचही फील्ड्सना हात लावतात. मेथड्स १३, जोड्या ७८, सामायिक ३८, बिगर-सामायिक ४०. एलकॉम २. डिझाइनमध्ये काय सुधारलं? काहीही नाही. माणसाने एक ओळही टाइप केली नाही. आणि क्लास ३५ वरून २ वर आला, म्हणजे जवळजवळ साधुसंत झाला :)

म्हणाल, ही सगळी अपवादाची उदाहरणं. सरासरीने तर हे आकडे बग कुठे निघणार ते सांगतातच ना? सांगतात. १९९६ मध्ये बासिली, ब्रियांड आणि मेलो यांनी मेरीलँड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आठ प्रणालींवर तपासून पाहिलं, तेव्हा यातली बरीच मापं उपयोगी ठरली (एलकॉम नाही). पण २००१ मध्ये खालेद एल एमाम आणि सहकाऱ्यांनी एक भोचक प्रश्न विचारला: क्लासचा आकार बाजूला काढला तर? त्यांनी तपासलेल्या दूरसंचार क्षेत्रातल्या सी प्लस प्लस प्रणालीत, आकाराचा परिणाम वजा केल्यावर या मापांचा बगशी असलेला संबंध उरलाच नाही. यावर पुढे वादही झाले. पण मुद्दा डोक्यात बसतो. मोठ्या क्लासमध्ये मेथड्स जास्त, लागेबांधे जास्त आणि बगही जास्त. आमच्या कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याचा काटाही असाच आहे. दिवाळी अंक असो, दहावीचं गाइड असो की एखादी उत्तम कादंबरी, तो वजन अचूक सांगतो. फक्त त्याच्या पावतीला कोणी समीक्षा म्हणत नाही.

आता माझ्या एक्सेलची हकीकत.

काही वर्षांपूर्वी, आधीच्या एका कंपनीत, मी एका टीमचा लीड होतो. कर्जाच्या व्याज-आकारणीची प्रणाली. क्लायंटला 'क्वालिटीचे आकडे' हवे होते, आणि मी हौसेने मर्यादा ठरवल्या. कोणतीही मेथड दहाच्या वर नको. टीममधल्या एका अनुभवी मुलीकडे व्याज काढणारी एक मेथड होती, कॉम्प्लेक्सिटी २३. दिसायला सुंदर नव्हती. पण क्लायंटच्या नियमपुस्तिकेत जसे नियम, तशाच वरून खाली ओळी, शेजारी कलमाचा नंबर. फोन आला की दोन मिनिटांत उत्तर मिळायचं. ती म्हणाली, "सर, ही मेथड गुंतागुंतीची नाहीये, नियमच गुंतागुंतीचे आहेत. तोडली तर ते फक्त दिसेनासे होतील." मी म्हटलं, डॅशबोर्डवर लाल दिसतंय गं, कर काहीतरी.

तिने चार दिवस घालवून मेथडचे सहा तुकडे केले. मधली उत्तरं या तुकड्यातून त्या तुकड्यात न्यायला हवीत, म्हणून जे आधी लोकल व्हेरिएबल होतं ते क्लासचं फील्ड झालं. आता यातली मेख बघा. सहा मेथड्स तीच फील्ड्स वापरायला लागल्या, त्यामुळे एलकॉमही सुधारला! म्हणजे आम्ही एका बंद खोलीतला पसारा उचलून सार्वजनिक चौकात मांडला आणि आकड्याने शाबासकी दिली. सगळं हिरवंगार. मी क्लायंटला स्लाइड दाखवली, टाळ्या घेतल्या.

सहा-सात महिन्यांनी दोन वर्षं अनुभवाच्या एका मुलाला नवा नियम घालायचा होता. ती मुलगी तोवर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेली होती. त्याने सहापैकी दोन मेथड्सचा क्रम बदलला. बदलू नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. आधी तो क्रम म्हणजे वरची ओळ आणि खालची ओळ होती, आंधळ्यालाही दिसला असता. आता तो फील्ड्समध्ये दडला होता. परिणाम काय, तर काही खात्यांवर दंडावरसुद्धा व्याज लागलं. तिमाहीअखेरीला क्लायंटच्या ऑडिटमध्ये ते सापडलं. दोन रात्री ऑफिसात, मग पैसे परत, मग माफीचे मेल.

अहवालात मूळ कारण म्हणून 'मानवी चूक' लिहिलं गेलं. त्या मुलाच्या अप्रेझलमध्ये 'सुधारणेस वाव' आलं. त्यावर सही माझी होती. या सगळ्या काळात आमच्या डॅशबोर्डवरचा एकही दिवा लाल झाला नाही. रोग म्हशीला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच, फक्त पखाल माझ्या हाताखाली काम करत होती.

तो मुलगा वर्षभरात सोडून गेला. मी त्याला आजतागायत हे सांगितलेलं नाही की चूक त्याची नव्हती.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्टने १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल जे निरीक्षण मांडलं, ते आता सगळीकडे लागू करतात: माप हेच ध्येय झालं की ते माप म्हणून कामातून जातं. आपल्याला हे वेगळं शिकवायची गरज नाही. 'अपेक्षित प्रश्नसंच' पाठ करून मार्क मिळवलेली आपली पिढी! मार्कांना वजन दिलं की लोक विषय शिकत नाहीत, मार्क शिकतात. आणि आता तर कोड लिहून देणारी एआय साधनं हाताशी आहेत. 'कॉम्प्लेक्सिटी दहाच्या आत आण' म्हटलं की मिनिटात तुकडे करून देतात. पूर्वी आकड्याला फसवायला चार दिवस लागायचे, तेवढी तरी अडचण होती.

"मग मोजायचंच नाही का?" सोमवारी हा प्रश्न येणार. १९८२ मध्ये टॉम डीमार्कोच्या पुस्तकाने मोजता येत नाही ते ताब्यात ठेवता येत नाही हा विचार घरोघरी पोचवला. २००९ मध्ये त्याच डीमार्कोने लिहिलं की आपण त्यावर जरा जास्तच भर दिला. मी त्याच्याइतका मागे जात नाही. मोजा, जरूर मोजा. फक्त थर्मामीटर डॉक्टरच्या हातात असू द्या. ताप आला म्हणून पगार कापला तर पेशंट थर्मामीटर बर्फात बुडवून आणणारच.

आणि खरंच बग कुठे निघणार हे जाणून घ्यायचं असेल, तर थोडं दुसरीकडेही बघा. मायक्रोसॉफ्टमध्ये नागप्पन आणि बॉल यांनी २००५ मध्ये विंडोज सर्व्हर २००३ वर दाखवलं की कोड त्याच्या आकाराच्या मानाने किती बदलतोय, यावरून दोषांचा चांगला अंदाज येतो. २००८ मध्ये नागप्पन, मर्फी आणि बासिली यांनी विंडोज व्हिस्टावर त्याहून मजेदार गोष्ट दाखवली. किती इंजिनिअर त्या कोडला हात लावतात, किती सोडून गेले, तो कोड संस्थेच्या किती शाखांत विखुरलाय, अशा संस्थेच्या रचनेच्या मापांनी कॉम्प्लेक्सिटीसारख्या कोडच्या मापांपेक्षा सरस अंदाज दिला. म्हणजे लाल दिवा लावायचाच असेल तर तो ऑर्ग चार्टवर लावा की! पण ते एक्सेल कोणी पाठवत नाही. उंटावरून शेळ्या हाकताना उंटाचं वजन कोण करणार?

तर सोमवारी माझ्या मागण्या तीन. एक, हे आकडे अप्रेझलमधून काढा, २० टक्के नव्हे, शून्य टक्के. दोन, आकडे टीमला द्या आणि त्यासोबत गेल्या सहा महिन्यांत कोणती फाइल किती वेळा बदलली तेही द्या. गुंतागुंतीची आणि सतत बदलणारी फाइल आधी बघू. तीन वर्षं कोणी हात न लावलेला २३ चा आकडा झोपू द्या. तीन, एखाद्या क्लासला लाल म्हणायचं असेल तर म्हणणाऱ्याने तो आधी उघडून वाचावा आणि लिहिणाऱ्याला विचारावं की हे असं का. मला त्या मुलीने कारण सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

मीटिंगमध्ये मी एकटा पडण्याची शक्यता दाट आहे. असो. चहा गार झाला. आज दुपारी त्या मुलाचा नंबर शोधून फोन करतो, ते सोमवारच्या आधी व्हायला हवं.