पाच वाजता आलेले मजूर

"तुमच्यात बरं असतं बाई. देवावर टाकलं की मोकळे. वर सगळं माफ!"

संक्रांतीच्या तिळगुळाला हे वाक्य कानावर पडलं तेव्हा माझ्या तोंडात गुळपोळी होती, म्हणून गप्प बसले. नवऱ्याची नोकरी दिवाळीनंतर गेली हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या मराठी मंडळात बातमी व्हॉट्सॲपच्या आधी पोचते. कुणीतरी काळजीनं विचारलं, आता पुढे काय. मी म्हटलं, "बघू. देव आहे." नगरला आमच्या घरी हे वाक्य दूध उतू गेलं तरी म्हटलं जायचं, त्यामुळे ते सहज तोंडातून गेलं. त्यावर हे उत्तर, आणि मग सगळ्यांचं हसणं. बोलणारी मैत्रीण प्रेमाची आहे, आठवडाभर तिनं आमच्याकडे डबे पाठवलेत. तिच्यावर राग नाही. पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना, आणि संपादकांना अंकासाठी लेख हवाच होता.

त्या वाक्यात दोन आरोप आहेत. एक, देवावर भरवसा ठेवणारी माणसं हातपाय हलवत नाहीत. दोन, ख्रिस्ती माणसाला कृपा फुकटात मिळते, म्हणून त्याला कशाची किंमत नाही.

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. नवरा सकाळी सातला इस्त्रीचा शर्ट घालून तळघरातल्या टेबलाशी बसतो आणि अर्ज पाठवतो. मी शनिवारची जास्तीची शिफ्ट घेतली आहे. केबल बंद केली, कॉस्टकोची फेरी महिन्यातून एकदा. "देव आहे" म्हणून आमच्याकडे कुणी पाय पसरून बसलेलं नाही.

पण आमचं उदाहरण किरकोळ आहे. देवावर टाकणं म्हणजे काय ते बघायचं तर केडगावला जावं. (दौंडजवळचं केडगाव. नगरचं वेगळं. दर वेळी हा खुलासा करावा लागतो.) लहानपणी आम्हा मिशनच्या पोरांची सहल तिथे ठरलेली असायची. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. रमाबाई तुम्हा सगळ्यांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहेत, पण तिथे त्या बहुतेक समाजसुधारक म्हणून येतात. त्यांच्या श्रद्धेचं प्रकरण पुस्तकवाले जरा चुकवतात, जसं पाहुण्यांसमोर घरातलं एखादं दार ओढून घ्यावं तसं.

रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेलं. पैसा अमेरिकेतून यायचा. बोस्टनला त्यांच्या नावाची एक संस्था उभी राहिली होती आणि तिनं दहा वर्षं मदत द्यायचं कबूल केलं होतं. म्हणजे दहा वर्षांनी पैसा थांबणार हे पहिल्या दिवसापासून माहीत. रमाबाईंनी काय केलं? केडगावला जमीन घेतली आणि फळझाडं लावली. उद्या परदेशातली मदत थांबली तर बागेच्या उत्पन्नावर सदन चालावं हा हिशोब. आपल्यातल्या कुठल्याही रिटायरमेंट प्लॅनवाल्यानं मान डोलवावी असा.

झाडं फळाला येईपर्यंत दुष्काळ आला, १८९६-९७ चा. मध्य प्रांतात माणसं रस्त्याकडेला मरत होती. रमाबाईंनी तसा दुष्काळ स्वतःच्या घरात पाहिला होता. १८७० च्या दशकात, ऐन तारुण्यात, वडील, आई आणि थोरली बहीण त्यांनी लागोपाठ गमावली होती. त्यामुळे वर्तमानपत्र वाचून त्यांना बसवेना. हाताशी पैसा नाही, जागा नाही, आणि बाई निघाल्या मध्य प्रांतात, आणि शेकडो मुली नि विधवा घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेग, सरकार नव्या मुलींना शहरात राहू देईना. मग त्यांना केडगावच्या माळावर तंबूत ठेवलं. पुढे ही संख्या दीड हजाराच्या वर गेली.

इतक्या जणींच्या भाकरीचं काय? ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचं चरित्र रमाबाईंनी वाचलेलं होतं. त्या माणसानं हजारो अनाथ मुलं सांभाळली आणि वर्गणीसाठी कुणापुढे हात पसरला नाही; गरज देवापुढे मांडायची आणि कामाला लागायचं, हीच त्याची रीत. रमाबाईंनी ती उचलली, आणि मराठी मातीत रुजवली. मुक्तीत प्रार्थना चालायची आणि माग चालायचे. तेलघाणा होता, शेती होती, छापखाना होता. त्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या मुली होत्या. स्वतः बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणायला घेतलं आणि १९२२ साली मरेपर्यंत त्यातच होत्या; आदल्याच वर्षी एकुलती मुलगी मनोरमा गेली होती, तरी काम सोडलं नाही. पुण्याच्या प्लेगच्या इस्पितळात बायकांचे हाल होतात म्हणून याच बाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात सरकारविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं. देवावर टाकलेल्या माणसाला सरकारची भीती उरत नाही, इतकाच मी त्याचा अर्थ लावते.

आता कुणी म्हणेल, हे सगळं रमाबाईंना जमलं, त्यांच्यामागे नवरा नव्हता. त्यावरही बोलायला हवं. रेव्हरंड टिळकांचा देवावरचा भरवसा एवढा की घरात असेल ते उचलून दारी आलेल्याला द्यायचे. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. भरवसा टिळकांचा, रिकामे डबे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे! लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचताना आपण खो-खो हसतो, आणि हसता हसता लक्षात येतं की भरवशाची झळ घरात कुणाला लागते. त्यावर एक वेगळा लेख होईल, आणि तो वाचून आमचे पाळक माझ्याशी बोलायचे बंद होतील. तूर्त सोडून देते.

दुसरा आरोप मला जास्त बोचला, कारण त्यात अर्धं सत्य आहे. हो, कृपा फुकटच असते. कमावता येते तिला मजुरी म्हणतात.

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेली एक गोष्ट आहे. द्राक्षमळ्याचा मालक भल्या पहाटे मजूर ठरवतो, दिवसाची ठरलेली मजुरी. नऊला जाऊन आणखी काही आणतो, बाराला, तीनला, आणि संध्याकाळी पाचला, तासाभराचा उजेड उरलेला असताना, अजून काही. हिशोबाच्या वेळी शेवटून सुरुवात करतो आणि पाच वाजता आलेल्यांना पूर्ण दिवसाची मजुरी देतो. पहाटे आलेले खूश, आता आपल्याला जास्त. त्यांनाही तेवढीच. मग कुरकुर: दिवसभर ऊन आम्ही सोसलं आणि हे तासभर आले!

नगरला मजूर अड्ड्यावर सकाळी माणसं उभी राहायची ती मी रोज शाळेत जाताना बघितली आहेत. मुकादम यायचा, दंड बघायचा, तरणेबांड आधी ट्रॅक्टरवर. दहानंतर जे उरायचे ते म्हातारे, एखादा लंगडणारा, पोर कडेवर घेतलेली बाई. ते आळशी म्हणून उरलेले नसत. गोष्टीतला मालकही विचारतो, दिवसभर रिकामे का उभे राहिलात, आणि ते सांगतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही. रविवारच्या उपदेशात या उत्तरावरून घाईघाईनं पुढे जातात. मला वाटतं सगळी गोष्ट तिथेच आहे.

आता आपल्या मंडळाचं बोलते. आपल्यात कोणीही भाषणाला उभं राहिलं की दोन सुटकेसा निघतात. दोन सुटकेसा आणि खिशात अमुक इतके डॉलर. आम्ही आलो तेव्हा कोथिंबीर मिळत नव्हती, हिंगासाठी दोन तास गाडी चालवायचो, बर्फात बससाठी उभे राहायचो. सगळं खरं आहे. माझे दीर त्यातलेच, त्यांची सुटकेस अजून माळ्यावर आहे. पण त्या भाषणाचा शेवट ठरलेला असतो: आम्ही स्वतःच्या हिमतीवर सगळं उभं केलं, आणि आता ही पोरं आल्या आल्या घर घेतात, यांना सगळं आयतं.

आपण इथे अमेरिकेत कसे आलो? १९१७ च्या कायद्यानं हिंदुस्थानातून येणाऱ्यांना दार बंद होतं. १९४६ साली ते किलकिलं झालं, वर्षाला १०० माणसं. शंभर! आपल्या गणपतीच्या आरतीला याहून जास्त असतात. १९६५ च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं नव्या कायद्यावर सही केली, देशावर बेतलेली ती जुनी वाटणी गेली, आणि आपले डॉक्टर, इंजिनियर, नर्सेस येऊ लागल्या. त्याच वर्षी मार्चमध्ये सेल्माच्या पुलावर काळी माणसं मतदानाच्या हक्कासाठी लाठ्या खात होती. माणसाचा रंग बघून दार उघडायचं की लावायचं हे ठरवणं लाजेचं आहे, असं या देशाला वाटायला त्यांनी लावलं. त्या पुलावर आपल्यापैकी कुणाचे काका नव्हते. दिवसभराचं ऊन दुसऱ्यांनी सोसलं आणि आपण पाच वाजता आलो. मजुरी पूर्ण मिळाली. आणि आता सहाला येणाऱ्याकडे बघून आपण कुरकुरतो.

आमच्या घरातही हेच. चिरंजीव सोळा वर्षांचे आहेत. गेल्या उन्हाळ्यात जेवणाआधीच्या प्रार्थनेत मध्येच म्हणाले, कॉस्टकोचं बिल बाबानं भरलं, मग आभार देवाचे का? नवऱ्याला आतून बरं वाटलं असणार. मी बरंच काही सांगितलं, ते फुकट गेलं. आता पगार बंद आहे, जेवण चालू आहे, आणि चिरंजीव प्रश्न विचारत नाहीत. नवऱ्याचं मात्र अवघड आहे. मैत्रिणीचा डबा आला की त्याचा चेहरा उतरतो, "आपण त्यांचं कधी फेडणार?" देणं त्याला उत्तम जमतं, घेणं जमत नाही. बायबल पाठ असलेला माणूस, पण परत करता येणार नाही असं काही हातात पडलं की त्याला दरदरून घाम फुटतो. कृपेनं जगणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एखाद्या संध्याकाळी आमच्याकडे यावं आणि त्याला डबा उघडताना बघावं.

"सगळं माफ" म्हणणाऱ्यांसाठी जक्कयाची गोष्ट. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याला झाडावरून खाली बोलावतो आणि म्हणतो, आज मी तुझ्याकडे उतरणार. आधी पैसे परत कर, मग येतो, असं म्हणत नाही. आधी घरी जातो. आणि मग तो जक्कय उठून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला फसवलं त्याला चौपट. गावकऱ्यांच्या धाकानं जे झालं नाही ते एका भेटीनं झालं. क्रम महत्त्वाचा आहे. माफी मिळाली म्हणून तो सुधारला. सुधारला म्हणून माफी मिळालेली नाही. माफी मिळूनही जो दुसऱ्या दिवशी तसाच जकातनाक्यावर बसतो त्याला काही मिळालंच नव्हतं असं मी धरून चालते.

याच संदर्भात आमच्यातल्याही एका प्रकाराबद्दल लिहायचं होतं. टीव्हीवरचे ते चकचकीत सूटवाले, देवाला शंभर द्या, देव हजार देईल. ती कृपा नव्हे, भिशी आहे. पण जागा संपत आली.

आणि हे प्रवचन होऊ लागलंय हे मला दिसतंय. माफ करा, आजोबा सुवार्तिक होते, ते रक्तातून जात नाही. कुणाच्या धर्माला उणं म्हणायचा हेतू नाही. खुद्द टिळकांनीच म्हटलंय की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. देवापुढे रिकाम्या हातानं उभं राहणं मराठी माणसाला शिकवायला मिशनरी यावे लागले नाहीत, वारी त्यांच्या आधीपासून चालू होती. तेव्हा "तुमच्यात" आणि "आमच्यात" ही भिंत वाटते तेवढी उंच नाही. कृपा मोजून देणारे तुमच्यात आहेत तसे आमच्याही चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतात.

आता मंडळाच्या समितीसाठी एक ठोस गोष्ट. दिवाळीच्या कार्यक्रमात आपल्याकडे आजीव सभासदांची पंगत आधी बसते, मग वार्षिक सभासद, आणि विद्यापीठातली मुलं, जी सहा-सहा जण एका खोलीत राहतात आणि ज्यांनी कित्येक महिन्यांत पुरणपोळी बघितलेली नसते, ती शेवटी. गेल्या दिवाळीला त्यांच्यापर्यंत पोळी पोचली तेव्हा कटाची आमटी संपली होती, आणि तिकीट मात्र पूर्ण होतं. माझं म्हणणं, या दिवाळीला मुलांची पंगत पहिली, आणि तिकीट माफ. आजीव सभासदांनी वाढायला उभं राहावं. माझे दीर तयार आहेत, नवरा मठ्ठ्याचं बघेल. खजिनदारांनी हॉलच्या भाड्याचा आक्षेप घेतला आहे आणि तो रास्त आहे. गेल्या वर्षीचे आकडे मी मागवलेत, ते आले की बसून बोलू.